‘पाणी वाचवा’च्या आधी: जमिनीखालचं पाणी मुलांना कसं समजवायचं?

एप्रिल उजाडला की वर्तमानपत्रात एक फोटो ठरलेला असतो. रिकाम्या हंड्यांची रांग आणि टँकरभोवती उडालेली झुंबड. गावांची नावंही बरीचशी ठरलेलीच: शहापूर, मोखाडा, जव्हार, सुरगाणा, पेठ हे तालुके. गंमत म्हणजे हे काही कमी पावसाचे तालुके नाहीत. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही जास्त पाऊस कोसळतो. मुंबईची तहान भागवणारी तानसा, भातसा, वैतरणा ही धरणं याच पट्ट्यातली.

चौथी-पाचवीतलं मूल हा फोटो बघून विचारतं, “एवढा पाऊस पडला होता ना? मग पाणी गेलं कुठं?”

प्रश्न एकदम नेमका आहे. आपण मोठी माणसं मात्र उत्तर देतो, “लोक पाणी वाया घालवतात रे. म्हणून दात घासताना नळ बंद ठेवायचा.” नळ बंद ठेवावा हे खरंच. पण मोखाड्यात हंडा घेऊन उभी असलेली बाई काही नळ सोडून दात घासत नव्हती. मुलानं कारण विचारलं होतं, आपण त्याला शिस्त शिकवून मोकळे झालो.

शाळेतही थोडंफार असंच होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच पर्यावरणाचं शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून सक्तीनं द्यायला सांगितलं. महाराष्ट्रात तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आहे, अकरावी-बारावीला तर ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ असा स्वतंत्र विषय आहे. पुस्तकं वाईट नाहीत. पण वर्षभर मुलांच्या हाताला काय लागतं? जागतिक जल दिनाचं पोस्टर, ‘पाणी हेच जीवन’ हा निबंध आणि वृक्षदिंडीतली एक फेरी. घोषणा पाठ होते आणि पाणी कुठं गेलं हे कळायचं राहूनच जातं.

मला वाटतं, मुलांना ‘वाचवा’ सांगण्याआधी मोजायला द्यावं. त्यासाठी जमिनीखालच्या पाण्याइतका चांगला विषय नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुतूहल टिकतं. तो आपल्या पायाखाली आहे, त्यामुळे ध्रुवावरच्या अस्वलापर्यंत जावं लागत नाही. आणि साध्या बेरीज-वजाबाकीनं तो बराचसा उलगडतो.

खडकात पाणी मावतं तरी कुठं?

जमिनीखाली मोठं तळं आहे किंवा नदी वाहते आहे, असं बहुतेक मुलांना (आणि खासगीत बऱ्याच मोठ्यांनाही) वाटतं. विहीर म्हणजे त्या तळ्याला पाडलेलं भोक. तर तसं नाही. जमिनीखालचं पाणी मातीच्या कणांमधल्या आणि खडकाच्या भेगांमधल्या बारीक बारीक पोकळ्यांत साठलेलं असतं. त्याला भूजल म्हणायचं, आणि ज्या थरात ते साठतं, खेळतं त्याला जलधर. या लेखात शास्त्रीय शब्द एवढे दोनच पुरतील.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे हेच थर.

इथे स्वयंपाकघरातली आंबोळी कामाला येते. तव्यावर पीठ पडलं की वाफेचे बुडबुडे वर येतात, फुटतात आणि वरच्या अंगाला जाळी पडते. तव्याला चिकटलेली बाजू मात्र गुळगुळीत राहते. लाव्हाचंही तसंच झालं. त्यातले वायू वर चढले, म्हणून प्रत्येक थराचा माथा जाळीदार झाला आणि खालचा भाग घट्ट राहिला. अशा आंबोळ्या एकावर एक रचल्या, तर पाणी कुठे मुरेल आणि कुठे अडेल, हे मूल स्वतःच बोट ठेवून दाखवतं. घट्ट भागातही जिथे तडे गेलेत, तिथून पाणी खाली उतरतं. जिथे तडे नाहीत तिथे ते अडतं आणि उतार बघून आडवं चालू लागतं.

त्या जाळीची पुष्कळशी भोकं पुढे खनिजांनी भरून गेली. पांढऱ्या गारगोट्या, चमकदार हिरवट स्फटिक मुलं खिसे भरभरून गोळा करतात ना, ते हेच. सिन्नरला अशा खनिजांचं अख्खं संग्रहालय आहे. पण पाण्याच्या हिशेबानं ही वाईट बातमी, कारण भोक खनिजानं भरलं की तिथे पाण्याला जागा उरत नाही.

हे सगळं एका ठिकाणी बघायचं तर उन्हाळ्यात एखादी जुनी, बांधकाम न केलेली विहीर गाठावी. मूल मोठ्या माणसाच्या हाताला धरून, कठड्याच्या अलीकडेच उभं राहील, हे सांगायला नकोच. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, आणि मग कुदळीला दाद न देणारा कातळ. भिंतीवर नीट पाहिलं तर एका ठरावीक उंचीवर ओल दिसते. तिथेच गवताचा हिरवा झुपका असतो, एखादा नेचा डोकावतो. बाकी सगळी भिंत कोरडी आणि तेवढाच पट्टा हिरवा. तो विहिरीचा झरा. जाळीदार थर आणि घट्ट थर जिथे भेटतात, तिथूनच तो बहुधा पाझरतो. एवढं एकदा डोळ्यांनी पाहिलं की जमिनीखालच्या तळ्याची कल्पना आपोआप गळून पडते.

विहीर तुडुंब भरली, म्हणजे पाणी किती आलं?

आता थोडे आकडे. आपल्याकडच्या झिजलेल्या बेसाल्टमधून उपशाला मिळणारं पाणी त्या खडकाच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्केच असतं. शंभर लिटर मावतील एवढा खडक घेतला, तर त्यातून दोनेक लिटर पाणी हाती लागतं. बाकी सगळा दगड.

यातून एक गोष्ट निघते, ती पिढ्यान्पिढ्या शेती करणाऱ्यांनाही चकवते. खडकात जागाच इतकी कमी असल्यामुळे जमिनीत अवघं दोन सेंटिमीटर पाणी मुरलं, तरी विहिरीची पातळी एक मीटरनं वर येते. आणि तेवढंच उपसलं की एक मीटरनं खाली जाते. ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेली विहीर बघून वाटतं, यंदा चिंता नाही. प्रत्यक्षात विहिरीत दिसतं त्या मानानं आजूबाजूच्या खडकात फारच थोडं साठलेलं असतं. सिंधू-गंगेच्या गाळाच्या मैदानात खडकाऐवजी वाळू नि गाळ आहे, पोकळी कितीतरी जास्त आहे. तिथली विहीर इतकी झपाट्यानं वर-खाली होत नाही. म्हणून पंजाब-बिहारची पाण्याची गोष्ट मराठवाड्याला जशीच्या तशी लावता येत नाही. आपल्याकडेही जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावतीकडे तापी-पूर्णेच्या खोऱ्यात असा गाळाचा पट्टा आहे, पण राज्याच्या मानानं छोटा.

पडलेल्या पावसापैकी मुरतं किती? हिशेबासाठी धरतात तो अंदाज असा: झिजलेल्या बेसाल्टमध्ये १०० मिमी पावसातले ७ मिमी, जाळीदार आणि भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये १३ मिमीपर्यंत. वर्षाला ६०० मिमी पाऊस झाला तर ४२ ते ७८ मिमी मुरलं. सातवीतलं मूल पुढचं गणित स्वतः करेल. दोन सेंटिमीटरला एक मीटर, म्हणजे विहीर साधारण दोन ते चार मीटर वर आली.

आता मोखाड्याकडे परत येऊ. दोन हजार मिमीचे सात टक्के म्हणजे १४० मिमी, म्हणजे सात मीटर. पण डोंगरउतारावर पाणी धरणारा झिजलेला थर कित्येक ठिकाणी तेवढ्या जाडीचाच नसतो. जुलै संपेपर्यंत तो भरून जातो आणि पुढचा पाऊस वरच्यावर वाहून जातो. जे मुरलं तेही उतार असल्यामुळे दिवाळीच्या आगेमागे झऱ्या-ओढ्यांतून निघून जातं. दक्षिण कोकणात आणि गोव्यात जांभा दगड आहे. तो सच्छिद्र, पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडून देतो. पाऊस किती पडतो यापेक्षा तो किती काळ धरून ठेवता येतो, यावर मार्च-एप्रिलची गोष्ट ठरते. मुलाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

बरणीतली विहीर

एवढं तोंडी सांगितलं तर मूल जांभया देईल. म्हणून एक मोठी पारदर्शक बरणी घ्यावी. तिच्यात बांधकामावरची बारीक खडी धुऊन भरावी. एका बाजूला काचेला चिकटून, भोकं पाडलेली एक रुंद नळी, अगदी तळापर्यंत न नेता, उभी करावी. ही विहीर. मग मापाच्या पेल्यानं वरून हळूहळू पाणी घालायचं, हवं तर त्यात थोडी हळद किंवा खाण्याचा रंग. खडीत पाणी चढताना दिसतं आणि नळीतही बरोबर तितक्याच उंचीला येतं. ‘विहिरीतलं पाणी’ आणि ‘जमिनीतलं पाणी’ एकच आहे, हे दोन मिनिटांत पटतं.

आता बिनसुईच्या मोठ्या सिरिंजनं नळीतलं पाणी उपसायचं. खडीतली पातळीही उतरते. मग दुसऱ्या बाजूला दुसरी नळी उभी करून ती पहिलीपेक्षा खोल घालायची आणि दुसऱ्या मुलाच्या हातात दुसरी सिरिंज द्यायची. दोघंही उपसू लागले की थोड्याच वेळात उथळ नळी कोरडी पडते आणि खोल नळीवाल्याला पाणी मिळतच राहतं. इथे वर्गात हमखास भांडण होतं. होऊ द्यावं. “माझं पाणी तू घेतलंस,” हे वाक्य मुलाच्या तोंडून येणं हाच या प्रयोगाचा निष्कर्ष आहे.

एक मात्र मुलांना सांगायचं. बरणीतल्या खडीत पोकळी तीस-चाळीस टक्के असते, आपल्या खडकातून पाणी दोनच टक्के मिळतं. बरणीत जे दिसलं ते खऱ्या विहिरीत कितीतरी झटपट घडतं.

पाऊस मोजायचा, विहीर मोजायची

हवामान खातं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतं. ‘गेल्या २४ तासांत ४० मिमी’ अशी बातमी असते, ती साडेआठ ते साडेआठची. मुलांनीही तीच वेळ पाळावी, म्हणजे आपला आकडा बातमीतल्या आकड्याशी ताडून बघता येतो. सरळ उभ्या भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यायची, मानेखाली कापायची आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवायचा. बाटलीचा तळ खालीवर असतो, म्हणून तो आधी खडे आणि पाणी घालून सपाट करायचा आणि त्या पाण्याच्या रेषेवर शून्य मांडायचं. बाजूला मोजपट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली तो ठेवायचा नाही. पहिल्या दिवशी सगळी मुलं नेमकी तिथेच ठेवतात.

मिलिमीटर हे माप मुलांना निर्जीव वाटतं. ते जिवंत करायला एक हिशेब पुरतो: एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर वीस मिमीची सर आली की हजार लिटर. एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर, म्हणून एकरावर एक मिमी म्हणजे चार हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे एका एकरावर पडलेला फक्त अडीच मिमी पाऊस! टँकरच्या रांगेचा तो फोटो यानंतर मूल वेगळ्या नजरेनं बघतं.

विहीर मोजायला दोरी आणि टोकाला वजन लागतं. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारायची. दोरी मोठ्या माणसानंच सोडायची, मुलांनी गाठी मोजून वहीत मांडायचं. कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. मोजणी सकाळी, मोटर चालू होण्याआधी व्हायला हवी, नाहीतर आपण पाण्याची पातळी नव्हे तर शेजारच्या पंपाची ताकद मोजतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून हेच काम करते. ठरवलेल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा नोंदवते. मुलांनी महिन्यातून एकदा मोजलं तरी भरपूर झालं. जूनपासून पुढच्या मेपर्यंतचे बारा आकडे आलेखकागदावर मांडले की चढणारी आणि उतरणारी रेघ समोर येते. रब्बीची पाणीपाळी नेमकी कुठल्या महिन्यात सुरू झाली, हे त्या रेघेवरून मुलं ओळखतात.

पाणाड्याच्या नारळाचं काय?

हा प्रश्न गावात येणारच. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ चालता चालता उभा राहिला की तिथे पाणी, असं सांगणारे पाणाडी अजून बोलावले जातात. त्यांची टर उडवू नये. मुलाच्या आजोबांनीच पाणाडी बोलावलेला असतो, आणि टर उडवली की मूल आजोबांच्या बाजूनं जातं. ते योग्यच.

त्यापेक्षा मोजायला लावावं. गेल्या काही वर्षांत गावात किती बोअर मारल्या, त्यांतल्या किती पाणाड्यानं दाखवल्या, किती कोरड्या गेल्या? मुलांनी घरोघर विचारावं. लागलेल्या बोअरची गोष्ट सगळं गाव सांगतं, कोरड्या बोअरचं नाव कोणी काढत नाही. दोन्ही प्रकार एका तक्त्यात आले की चित्र दिसतं. शिवाय पाणाड्यानं न दाखवलेल्या जागी किती लागल्या हेही विचारायचं, कारण पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी कुठेही खणलं तरी पाणी लागण्याची शक्यता बरी असते. सगळे पुरावे मांडून बघायचे, आपल्या सोयीचेच नाही, हे विज्ञानातलं सगळ्यात अवघड काम इथे मूल कोणी न सांगता करून जातं.

झाडं लावली, बंधारे बांधले की झालं ना?

अर्धं झालं. डोंगरावर पडलेलं पाणी ज्या एका ओढ्याला येऊन मिळतं, त्या सगळ्या उताराला त्या ओढ्याचं पाणलोट म्हणतात. माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), खाली दगडी बांध, त्याखाली नाल्यावर बंधारा, अशी माथ्याकडून पायथ्याकडे कामं केली की पळणारं पाणी थोडं थबकतं आणि मुरतं. झाडं आणि गवतही पाण्याला थबकवतात, माती धरून ठेवतात. पण झाडं पाणी पितातही. कुठलं झाड, किती दाट, कुठल्या खडकावर, यावर जमाखर्च ठरतो. ‘झाड लावलं की विहिरीला पाणी’ इतकं सरळ नातं नाही, आणि मुलांना ते तसं सांगूही नये.

शेततळ्यांबद्दलही मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवावं: हे तळं पावसानं भरतं की बोअरनं? प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या पुष्कळ शेततळ्यांत जमिनीखालचंच पाणी उपसून साठवलं जातं. जमिनीखाली ते सावलीत होतं, वर आणून उन्हात ठेवलं. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला आठ-दहा मिमी वाफ होऊन जाते. शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर यात शहाणपण आहे, कारण आज मी उपसलं नाही तर उद्या शेजारी उपसेल. बरणीतल्या त्या दोन सिरिंजा आठवा.

मग कोणी किती घ्यायचं?

खरं पर्यावरणशास्त्र इथे सुरू होतं, आणि बहुतेक शाळा इथेच थांबतात. ज्वारीला हंगामात ४५० ते ६५० मिमी पाणी लागतं, उसाला वर्षाला १,५०० ते २,५०० मिमी. मधला २,००० चा आकडा धरला, तर एक एकर उसाला ८० लाख लिटर. त्यातलं काही पावसातून मिळतं, बाकी उपसावं लागतं. दुसरीकडे हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर दिले, तर वर्षाला दोन कोटी लिटर. म्हणजे हजार माणसांचं वर्षभराचं पाणी म्हणजे अडीच एकर ऊस. हा हिशेब नववीच्या मुलांना फळ्यावर करायला लावावा.

पण इथे एक पथ्य पाळायला हवं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ऊस असू शकतो. ऊसवाला खलनायक आहे असा धडा दिला, तर ती मुलं कायमची दुरावतील, शिवाय तो धडा खोटाही आहे. उसाला सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, कारखान्यासारखा बांधलेला गिऱ्हाईक आहे, गारपिटीनं तो कांद्यासारखा एका रात्रीत जात नाही. ज्वारीला भाव नसताना ‘ज्वारी लावा’ म्हणणं सोपं आहे. मुलांनी हा पेच पेच म्हणूनच बघावा.

वाटणीचे दोन रस्ते त्यांच्यापुढे ठेवता येतात, दोन्ही इथलेच. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्यानं पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचं. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही, हे तिचे नियम. दुसरा रस्ता अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचा. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तिथे पाणलोटाची कामं झाली, पण गाव टिकलं ते नियमांमुळे. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही, आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पाऊस किती झाला, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरलं त्यात कुठलं पीक बसतं. पाऊस कमी तर रब्बी कमी.

राज्यात भूजलाचा कायदाही आहे. २००९ चा हा कायदा २०१४ पासून लागू झाला आणि ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींवर त्यात बंधनं आहेत. गावात किती बोअर त्याहून खोल आहेत, हे मुलांनी कोणाला विचारायचीही गरज नसते. चावडीवर लोक फुशारकीनं सांगत असतात.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, विहीर कुठून आणायची?

शहरातल्या मुलांना नळाचा माग काढायला लावावा. मुंबईच्या मुलाला सात तलावांची नावं पाठ असतात, पण तुळशी आणि विहार सोडले तर बाकीचे पाच शहराबाहेर, शहापूर-इगतपुरीकडे आहेत, हे नकाशावर बोट फिरवल्याशिवाय जाणवत नाही. पुण्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. पावसाळ्यात धरणांचे आकडे वर्तमानपत्रात रोज छापून येतात. ते वहीत उतरवले की आलेख घरबसल्या तयार होतो.

सोसायटीची बोअर असेल तर आणखी चांगलं. ती किती फूट आहे, पंप किती फुटांवर टांगलाय, तो कधी खाली उतरवावा लागला, हे चेअरमनपेक्षा वॉचमनकाकांना जास्त ठाऊक असतं. मेमध्ये टँकर येत असतील तर रोज किती येतात ते मोजायचं आणि चालककाकांना विचारायचं, पाणी कुठून भरलं? उत्तर बहुधा शहराच्या हद्दीबाहेरच्या कुठल्यातरी विहिरीचं किंवा बोअरचं असतं. त्या विहिरीशेजारच्या गावात पातळी किती उतरली असेल, हा पुढचा प्रश्न मूल आपण न सुचवताही विचारतं.

मुलं घाबरणार नाहीत का?

ही शंका रास्त आहे. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात भारतही होता. हवामान बदलाची खूप किंवा अतिशय चिंता वाटते, असं जवळजवळ साठ टक्के तरुणांनी सांगितलं. लहान मुलाला ‘पृथ्वी संपत चाललीय’ असं सांगून काहीच साधत नाही. ते एकतर घाबरतं, नाहीतर कान बंद करून घेतं.

म्हणून वयाचं भान हवं. आठ वर्षांपर्यंत फक्त बघणं आणि हात लावणं: मुरूम, गारगोटी, ओढ्याचं पाणी, पहिल्या पावसानंतर निघालेले बेडूक. संकटाचा उल्लेखही नको. मोजमाप चौथी-पाचवीपासून. वाटणीचा, हक्काचा, कायद्याचा विषय आठवी-नववीत. आणि प्रत्येक टप्प्यावर मुलाच्या हातात करण्यासारखं काहीतरी हवं. ‘विहीर आटतेय’ ही भीती आहे. ‘आपली विहीर गेल्या मार्चपेक्षा सव्वा मीटर खाली आहे, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे’ ही माहिती आहे, आणि माहिती असलेलं मूल त्या मानानं शांत असतं.

‘मोठ्यांनी बिघडवलं, मुलांवर ओझं का?’ असंही म्हणतात. अगदी बरोबर. म्हणूनच ‘तुमच्या हाती पृथ्वीचं भविष्य’ असली भाषणं मुलांपुढे ठोकू नयेत. विहिरीला कुलूप लावायचा, बोअर थांबवायचा, पीक बदलायचा अधिकार मुलांकडे नाही, तो ग्रामसभेकडे आहे. मुलांनी मोजावं, समजून घ्यावं आणि विचारावं. निर्णय मोठ्यांनीच घ्यायचा आणि त्याचा जाबही त्यांनीच द्यायचा.

ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांत २ ऑक्टोबर येते. तोवर पाऊस बहुतेक पडून गेलेला असतो आणि रब्बीचं बरंचसं बी अजून जमिनीत पडलेलं नसतं. शाळेच्या वहीतला पावसाचा एकूण आकडा आणि विहिरीची पातळी त्या दिवशी मुलांकडून वाचून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. त्यासाठी पर्जन्यमापक १ जूनला शाळेच्या मैदानात बसलेला हवा, आणि दोरीच्या गाठी मेच्या सुट्टीतच मारून झालेल्या हव्यात.